सुईवाचून यकृताची परीक्षा

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस "काहीतरी शास्त्रीय, पण घराघरांत वाचले जाईल असे" लिहावयास सांगितले. आम्ही शाळेत गणित व शास्त्र शिकवतो; वैद्यकाशी आमचा संबंध आला तो रोग्याच्या बाजूनेच. तरीही विषय निवडताना फार विचार करावा लागला नाही. ट्रस्टकडे वैद्यकीय मदतीसाठी येणाऱ्या अर्जांत अलीकडे वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेचे अर्जही दिसू लागले आहेत, आणि ह्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने आमच्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत जे घडले ते आम्ही फार जवळून पाहिले आहे.

हे सहकारी आमच्या शाळेत चित्रकला शिकवीत. मुले त्यांना ड्रॉइंगसर म्हणत. आपणही येथे तेच म्हणू. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहोत. वय ५१, उंची १६२ सेंटिमीटर, वजन ११८ किलो. मधुमेह दहा वर्षांचा. शाळेचा जिना चढताना त्यांना दोनदा थांबावे लागे. जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करावी असा सल्ला मिळाला, पैशांची जुळवाजुळव झाली, आणि एका मोठ्या शहरातील रुग्णालयात तारीख ठरली. दोन तास लागतील असे सांगून सरांना आत नेले. पाऊण तासातच सर्जन बाहेर आले. पोटात दुर्बीण घातल्यावर जे यकृत दिसले ते गुळगुळीत तांबूस नव्हते. दाणेदार, खडबडीत होते. त्यांनी यकृताचा एक छोटा तुकडा तपासणीसाठी घेतला आणि पुढे काही न करता टाके घालून सरांना शुद्धीवर आणले. चार दिवसांनी तुकड्याचा निकाल आला : सिरॉसिस.

सर्जनांनी तेथे थांबण्यात शहाणपणाच केला. सिरॉसिस झालेल्या रोग्याला भूल, रक्तस्राव आणि टाके भरून येणे ह्या तिन्हींचा धोका अधिक असतो, आणि तयारीवाचून पुढे जाणे बरे नव्हे. आमची तक्रार त्या आधीच्या तीन महिन्यांबद्दल आहे. त्या तीन महिन्यांत सरांच्या फाइलमध्ये रक्ततपासणीचे कागद दोनदा लागले होते. त्यांत एसजीओटी ५८, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट १,४५,००० असे आकडे होते. पहिला जरासा जास्त, दुसरा ठीक, तिसरा जरासा कमी. प्रत्येक आकडा आपापल्या ओळीत एकटाच उभा होता. हे तीन आकडे आणि सरांचे वय एकत्र मांडले असते, तर काय उत्तर येते ते आपण पुढे पाहणारच आहोत. त्याला ना यंत्र लागते, ना सुई. सातवीच्या मुलाला येईल एवढे ते गणित आहे.

प्रथम यकृताविषयी दोन शब्द. मटणाच्या दुकानात कलेजी पाहिलेल्या वाचकाला त्याचा रंग व मऊपणा ठाऊक असतोच. माणसाचे यकृत उजव्या बरगड्यांखाली असते. वजन सुमारे दीड किलो. आपल्या भाषेत 'काळीज' हा शब्द मुळात ह्याच अवयवाचा, पण बोलीत तो हृदयाकडे गेला आणि यकृत बिचारे संस्कृत नावाखाली शास्त्राच्या पुस्तकात राहिले. उर्दूत जिगर मात्र अजून जिगरच आहे. असो. साखरेचा साठा करणे, पित्त तयार करणे, रक्त गोठविणारी द्रव्ये बनविणे, औषधांचा निचरा करणे अशी कितीतरी कामे हा अवयव गाजावाजा न करता करीत असतो. आणि आजारी पडला तरी गाजावाजा करीत नाही. त्याच्या आतल्या मगजात वेदना नेणारे मज्जातंतू नाहीत. ते आहेत फक्त वरच्या आवरणात. म्हणून यकृत फुगून आवरण ताणले गेले तर थोडे जड वाटते, एरवी काहीच नाही. "दुखत तर नाही ना, मग काय झालंय?" ही आपल्याकडील नेहमीची कसोटी येथे अगदी निकामी ठरते.

शंभर पेशींपैकी पाचांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब दिसू लागले म्हणजे मेदयुक्त यकृत झाले असे धरतात. ह्यालाच सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' म्हणतात. पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट येथेच थांबते. काहींच्या यकृतात मात्र ह्या चरबीबरोबर दाह सुरू होतो, पेशी मरू लागतात, आणि शरीर त्या जागी वणाचे तंतू भरते. गुडघ्याच्या जखमेवर जसा वण राहतो तसाच हा, फक्त आतला. ह्या तंतुमयतेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या मानल्या आहेत. तिसऱ्या पायरीपासून तिला वाढलेली तंतुमयता म्हणतात. चौथी पायरी म्हणजे सिरॉसिस. हा प्रवास बहुधा वर्षानुवर्षे चालतो आणि वाटेत पुष्कळदा परतताही येते. यकृताचे पुढे काय होणार हे चरबी किती ह्यापेक्षा वण किती ह्यावर अधिक अवलंबून असते, हे वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. कारण 'फॅटी लिव्हर' हे दोन शब्द वाचून घाबरणारे खूप भेटतात, आणि "आजकाल सगळ्यांनाच असतं" म्हणून कागद बाजूला टाकणारे त्याहून अधिक. वण किती आहे हे मात्र कोणीच विचारीत नाही.

आता वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेशी ह्याचा संबंध. तो तिच्या जन्मापासूनचा आहे, आणि प्रारंभी तो चांगला नव्हता. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन, लिनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाला जवळची वाट करून देण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पुढे ती हजारो रोग्यांवर झाली. वजन झपाट्याने उतरे. पण काही रोग्यांचे यकृत त्यानंतर बिघडत जाई, आणि काही तर यकृत निकामी होऊन दगावले. १९८० च्या सुमारास ती पद्धत सोडून द्यावी लागली. दरम्यान १९६६ साली आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनी आतड्याऐवजी जठरावर भर देणारी निराळी पद्धत मांडली होती, आणि आजच्या पद्धती त्या वाटेने आलेल्या आहेत. सध्या सर्वत्र अधिक होणाऱ्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी ठेवतात.

आजच्या ह्या पद्धती यकृताला मारक नाहीत. उलट उपकारक आहेत. फ्रान्समधील लिल शहरातील डॉक्टरांनी दाहयुक्त मेदयकृत असलेल्या १८० रोग्यांचा शस्त्रक्रियेनंतर पाठपुरावा केला व २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच वर्षांनी ज्यांच्या यकृताचा तुकडा पुन्हा काढून पाहिला त्यांपैकी ८४ टक्के लोकांत दाह नाहीसा झालेला होता आणि ७० टक्के लोकांत वण कमी झालेला होता. तेव्हा यकृत बिघडले आहे म्हणून शस्त्रक्रिया नको, असा ह्या लेखाचा अर्थ कोणी काढू नये. बिघाड किती आहे हे भूल देण्यापूर्वी ठाऊक असावे, एवढेच आमचे म्हणणे. जठरावर यकृताचा डावा भाग आडवा पसरलेला असतो. तो उचलून धरल्यावाचून सर्जनला जठर दिसतच नाही. चरबीने फुगलेले यकृत उचलताना फाटू शकते. म्हणून शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार देतात, म्हणजे यकृत आकसते. पुष्कळ रोग्यांना हा उपवास वजन उतरविण्याची सुरुवात वाटते. वास्तविक तो सर्जनला जागा करून देण्यासाठी असतो.

वण किती हे पाहण्याची जुनी, खात्रीची रीत म्हणजे बायॉप्सी. बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा धाग्याएवढा तुकडा काढावयाचा व सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा. १९५८ साली इटलीच्या मेंघिनी यांनी एका सेकंदात तुकडा निघेल अशी सुई प्रचारात आणल्यावर ही तपासणी बरीच सोपी झाली. तरी तिच्यात वेदना आहे, क्वचित रक्तस्राव आहे, आणि मोठी अडचण अशी की तो तुकडा साऱ्या यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग असतो. पोत्यातला एक दाणा पाहून पोत्याची पारख करण्यासारखेच हे. शिवाय वजनदार माणसाच्या बरगड्यांवर चरबीचा थर जाड. सुई नेमकी नेणेही अवघड. शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या प्रत्येकाला आधी सुई टोचणे हे कोणालाच झेपणारे नाही. म्हणून सुईवाचूनच्या परीक्षा हव्यात.

ह्यातली सर्वांत स्वस्त परीक्षा 'फिब-फोर' नावाची आहे. अमेरिकेतील व्हर्जिनियाचे डॉ. रिचर्ड स्टर्लिंग व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली ती मांडली, आणि तीही लठ्ठ माणसांसाठी नव्हे, तर एचआयव्ही व हिपॅटायटिस-सी असे दोन्ही विषाणू असलेल्या रोग्यांसाठी. रीत अशी : वयाला एसजीओटीने गुणा. हा झाला अंश. प्लेटलेट हजारांत घ्या, म्हणजे १,४५,००० ऐवजी १४५, आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. हा झाला छेद. मग भागाकार करा.

सरांचे आकडे घालू. ५१ गुणिले ५८ म्हणजे २९५८. ३६ चे वर्गमूळ ६. १४५ गुणिले ६ म्हणजे ८७०. भागाकार ३.४. उत्तर १.३ हून कमी आले तर वाढलेली तंतुमयता बहुधा नाही, २.६७ हून अधिक आले तर ती असण्याचा संशय बळावतो. मधले आले तर पुढची तपासणी हवी. सरांचा आकडा वरची रेघ ओलांडून बराच पुढे गेला होता. सर घरी आल्यावर त्यांच्या अंगणात बसून, जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे आम्ही हा भागाकार केला. उत्तर पाहून सर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "सर, एवढंच गणित होतं?"

हे आकडे एकत्र का बोलतात तेही पाहू. यकृतात वण वाढला की आतून वाहणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, मागे दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. शिवाय प्लेटलेट तयार करण्याचा हुकूम देणारे द्रव्य मुख्यतः यकृतातच बनते, तेही घटते. वण जसा वाढतो तसा एसजीपीटीच्या मानाने एसजीओटी वर जाऊ लागतो. म्हणून नुसती एसजीपीटी ठीक आहे ह्यावर समाधान मानणे धोक्याचे. सरांची ठीकच होती.

पण ह्या गणिताचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर लेख अर्धाच राहील. अंशात वय आहे. आता २८ वर्षांची एखादी मुलगी घ्या. एसजीओटी ६०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २,१०,०००. २८ गुणिले ६० म्हणजे १६८०. छेदात २१० गुणिले ८, तेही १६८०. उत्तर १. रेघेच्या खाली, म्हणजे निर्धास्त? तसे नाही. दोन्ही आकडे वाढलेले असूनही केवळ तरुण वयामुळे उत्तर खाली आले आहे. पस्तिशीच्या आतल्यांना ही परीक्षा नीट लागू पडत नाही, आणि वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेला येणाऱ्यांत तिशी-चाळिशीतली माणसेच पुष्कळ असतात. उलट पासष्टीपुढच्यांत नुसत्या वयाने उत्तर फुगते, म्हणून त्यांच्यासाठी खालची रेघ १.३ ऐवजी २ धरतात.

दुसरे एक सूत्र २००७ साली प्रसिद्ध झाले. त्याला 'एनएएफएलडी फायब्रोसिस स्कोअर' म्हणतात. ते खास मेदयुक्त यकृतासाठीच बनविलेले. साहजिकच वाटेल की लठ्ठ माणसाला हेच योग्य. आम्हांसही तसेच वाटले होते. सूत्र कागदावर मांडले तेव्हा गंमत कळली. त्यात वय, मधुमेह, दोन्ही एसजी, प्लेटलेट, आल्ब्युमिन ह्यांबरोबर देहभारांकही आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की देहभारांक मिळतो, ज्याला दवाखान्यात बीएमआय म्हणतात. ह्या सूत्रात देहभारांकाला ०.०९४ ने गुणावयाचे असते. सरांचा देहभारांक ४५. समजा, बाकीचे सारे आकडे अगदी तेच, पण देहभारांक २५ असलेला दुसरा माणूस घेतला. फरक २० चा, गुणिले ०.०९४ म्हणजे १.८८. आता ह्या परीक्षेची खालची रेघ उणे १.४५५ आणि वरची ०.६७६. दोहोंतील अंतर २.१३१. म्हणजे 'काही नाही' पासून 'संशय आहे' पर्यंतचे जवळजवळ सगळे अंतर माणूस नुसत्या वजनाच्या जोरावर चालून जातो, यकृतात काही असो वा नसो! साधारण वजनदार माणसांसाठी शिवलेला हा सदरा अति वजनदार माणसाला घातला की त्याचे माप चुकते. कोणतेही सूत्र कोणत्या माणसांवर घडविले गेले हे विचारल्यावाचून वापरू नये, हे आम्ही वर्गात सांगत आलो. येथे ते डोळ्यांनी पाहिले.

तिसरी परीक्षा यंत्राची. पॅरिसच्या एका कंपनीने बनविलेले फायब्रोस्कॅन हे यंत्र २००३ पासून वैद्यकीय जगास ठाऊक झाले. रोग्याने पाठीवर निजून उजवा हात डोक्यामागे घ्यावयाचा. जाड पेनासारखा एक दांडा दोन बरगड्यांमध्ये टेकवून यंत्र हलकीशी टिचकी मारते. त्या टिचकीची लहर यकृतातून धावते, आणि ध्वनिलहरींच्या साहाय्याने यंत्र तिचा वेग मोजते. मऊ वस्तूत लहर हळू जाते, ताठर वस्तूत जलद. ताठरपणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : सेकंदाला १.३ मीटर वेग असेल तर ताठरपणा सुमारे ५ किलोपास्कल. वेग दुप्पट, २.६ मीटर झाला, तर ताठरपणा चौपट, सुमारे २० किलोपास्कल. ८ च्या खाली आकडा आला तर वाढलेली तंतुमयता बहुधा नाही; १२ च्या वर असेल तर ती असण्याचा संभव मोठा. अशा दहा टिचक्या मारून मधला आकडा घेतात. त्या दहांत आपसांत फार तफावत असेल तर ती परीक्षा धरू नये.

वजनदार रोग्याने येथे एक प्रश्न आवर्जून विचारावा : दांडा कोणता? नेहमीचा दांडा कातडीखाली २५ ते ६५ मिलिमीटर ह्या पट्ट्यात मोजतो. चरबीचा थरच ३० मिलिमीटर असेल तर मोजमापात यकृताबरोबर चरबीही येते, किंवा यंत्र आकडाच देत नाही. अशांसाठी ३५ ते ७५ मिलिमीटर मोजणारा मोठा दांडा असतो, त्याला 'एक्सएल' म्हणतात. तो सर्वच ठिकाणी असतो असे नाही. जाण्यापूर्वी फोन करून विचारलेले बरे. दुसरे, तपासणीआधी तीन तास काही खाऊ नये, कारण जेवणानंतर यकृतात रक्त वाढते आणि ते खोटेच ताठर भासते. आमच्या घरच्या एकांची तपासणी रमजानात दुपारी झाली. तेथील बाईंनी उपाशी आहात ना म्हणून दोनदा विचारले, तेव्हा ही अट आमच्यापुरती तरी निसर्गतःच पाळली गेल्याचे सांगावे लागले. यकृताला तीव्र दाह असेल किंवा हृदयाच्या दुबळेपणामुळे रक्त तुंबलेले असेल तरीही आकडा वर जातो, हेही लक्षात असावे.

चुंबकीय यंत्रावरही ताठरपणा मोजता येतो. अति वजनदार रोग्यांत तो अधिक भरवशाचा, पण ती सोय थोड्याच मोठ्या रुग्णालयांत आहे, आणि यंत्राच्या बोगद्यात रोगी मावला पाहिजे. साधी सोनोग्राफी तर सगळेच करतात. तिला चरबी दिसते, तीही बरीच असेल तर; वण सुरुवातीला दिसत नाही. सरांच्या सोनोग्राफीवर 'फॅटी लिव्हर, दुसरी श्रेणी' एवढेच लिहिले होते. ही श्रेणी चरबीची. वणाच्या पायऱ्यांशी तिचा घोटाळा पुष्कळ सुशिक्षित माणसेही करतात.

ह्या सर्व परीक्षांचा एक स्वभाव समान आहे, तो उदाहरणाने सांगतो. समजा शस्त्रक्रियेसाठी शंभर माणसे आली आणि त्यांतल्या दहांना वाढलेली तंतुमयता आहे. परीक्षा अशी की दहांतल्या आठांना ती पकडते, आणि उरलेल्या नव्वद निरोग्यांपैकी अठरांवर उगाच संशय घेते. मग जी ७४ माणसे 'ठीक' म्हणून सुटली त्यांत खरे रोगी फक्त दोन. म्हणजे 'ठीक' ह्या शब्दावर बराच विश्वास ठेवता येतो. पण ज्या २६ जणांवर संशय आला त्यांत खरे रोगी आठच! तेव्हा आकडा वर आला म्हणून रडारड करण्याचे कारण नाही. दुसऱ्या जातीच्या परीक्षेने तो पडताळावा. आधी कागदावरचे गणित, त्यात संशय आला किंवा वय कमी असूनही मधुमेह असला तर फायब्रोस्कॅन, दोहोंचे जमले नाही तर यकृताच्या डॉक्टरांचा सल्ला, आणि तरीही शंका राहिली तर सुई. शस्त्रक्रिया होणारच असेल तर सर्जनला डोळ्यांसमोर पाहून तुकडा घेता येतो. संशय असलेल्यांनी ते आधीच बोलून ठेवावे. किंबहुना ह्या सुईविना परीक्षा लठ्ठ माणसांत कितपत खऱ्या ठरतात हे जगाला कळले ते मोठ्या अंशी अशाच रोग्यांमुळे. त्यांचा आकडाही होता आणि तुकडाही होता, म्हणून ताळा करता आला.

आता ज्या गोष्टीने सरांना शस्त्रक्रिया रद्द होण्याहूनही अधिक त्रास दिला तिच्याकडे वळतो. निकाल कळल्यावर सरांच्या पत्नी पहिल्यांदा म्हणाल्या, "आता लोक म्हणणार, हे चोरून पीत होते." सर आयुष्यात दारूला शिवले नाहीत. सिरॉसिस म्हणजे दारू हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे की सहा महिने त्यांनी हा शब्द शाळेत कोणाजवळ उच्चारला नाही. रजेच्या अर्जावर 'पोटाचा विकार' लिहिले. आमच्या स्वतःच्या एका खालांनी सोनोग्राफीचा कागद दोन वर्षे कपाटात साड्यांखाली ठेवला होता. ज्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही त्या घरात यकृताचा कागद दाखवायचा तरी कोणाला! तो आमच्या हाती आला तोवर औषधाच्या दोन वर्षांची माती झाली होती.

हा गैरसमज केवळ आपल्याकडचा नाही. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग व सहकाऱ्यांनी वीस रोग्यांची हकीकत छापली. त्यांच्या यकृताचे तुकडे हुबेहूब दारुड्यासारखे दिसत, आणि ती माणसे पिणारी नव्हती. त्यांतले बहुतेक लठ्ठ होते, पुष्कळांना मधुमेह होता. तेव्हा ह्या रोगाला 'दारूविना झालेला' असे नाव मिळाले. म्हणजे नाकारण्यासाठी का होईना, दारू नावात राहिलीच. २०२३ साली जगातल्या यकृततज्ज्ञांनी ते नाव बदलून 'चयापचयातील बिघाडाशी निगडित मेदयुक्त यकृतरोग' अशा अर्थाचे नाव घेतले. दोषारोप टळावा हा त्यामागचा एक हेतू होता. नाव लांबलचक आहे, परंतु खरे आहे. आपल्या देशात २०२१ साली हा रोग कर्करोग, मधुमेह व हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला गेला. आपण भारतीय लोक कमी वजनातच ह्या बिघाडात सापडतो. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे असे मानतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी ह्या शस्त्रक्रियेचा विचार देहभारांक २७.५ पासूनच करावा असे म्हटले आहे, ते त्यामुळेच. बेळगावात राहून कुंद्याला नको म्हणणे किती कठीण हे आम्हांस ठाऊक आहे. पण कंबर मोजायला शिंप्याची टेप घरोघरी असतेच.

ट्रस्टच्या मदत समितीला आमची एक विनंती आहे. वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेसाठी अर्ज आला की इतर कागदांबरोबर फिब-फोरचा आकडा मागावा. हिपॅटायटिस बी व सी ह्यांची तपासणी झाली आहे का तेही विचारावे. अर्जदाराकडे रक्ताचे कागद असले आणि गणित जमत नसले तर आमच्याकडे पाठवावे, पाच मिनिटांचे काम आहे. आकड्याचा अर्थ डॉक्टरच सांगतील. आम्ही फक्त भागाकार करू.

ड्रॉइंगसरांचे पुढे बरे झाले. यकृताच्या डॉक्टरांनी अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आहेत का ते दुर्बिणीने पाहिले, फुगलेल्या नव्हत्या. मोठ्या दांड्याने केलेल्या फायब्रोस्कॅनचा आकडा १७.८ आला. सहा महिने आहार सांभाळून सरांनी ११ किलो वजन उतरविले, आणि मग दुसऱ्या एका ठिकाणी, सर्जन व यकृतवैद्य यांनी एकत्र बसून ठरविल्यावर, स्लीव्ह शस्त्रक्रिया पार पडली. सुरुवातीच्या महिन्यांत वजन फार झपाट्याने उतरले तर दुबळ्या यकृतावर ताण येतो, म्हणून दर पंधरवड्याला रक्त तपासले. दोन वर्षांनी फायब्रोस्कॅन १२.१ होता. सिरॉसिस एकदा झाल्यावर आकडा उतरला तरी लक्ष ठेवावेच लागते. सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच आहे. सर आता निवृत्त आहेत. त्यांच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट अशी चार घरे आखली आहेत, आणि प्रत्येक तपासणीनंतर भागाकार स्वतःच करतात. मागच्या वेळी त्यांचे वर्गमूळ चुकले होते. आम्ही ते लाल शाईने दुरुस्त करून दिले.